पेवाची पाळी

कयाधू नदीच्या अलीकडं, कळमनुरीच्या वाटेपासून थोडा आत, सटवाजीचा आखाडा होता. हा आखाडा कुस्तीचा नव्हे. रानात गुरं बांधायची, कडबा रचायचा, औतं ठेवायची जी वस्ती असते तिला आमच्याकडं आखाडा म्हणतात. प्लेगच्या साली सटवाजीनं गाव सोडलं आणि आखाड्यावर बिऱ्हाड केलं, ते परत गावात गेलंच नाही.

घरात माणसं मोजकी. सटवाजी म्हातारा दिवसभर लिंबाखाली बाजेवर बसून चिलीम ओढायचा. थोरला मुलगा तातेराव बैलासारखा राबायचा आणि बैलाइतकंच बोलायचा. मंजुळाबाई त्याची बायको. धाकटा उत्तमराव हिंगोलीला मामाकडं राहून चार बुकं उर्दू शिकला होता. पटका तिरका बांधायचा आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. त्याची बायको शकुबाई. तिला आपल्या नवऱ्यापुढं बाकीची दुनिया फिकी वाटे. वाटो बिचारीला, लग्नाला तीनच वर्षं झाली होती.

या घरात शेतातलं काम गड्यांचं आणि चुलीपुढचं बायकांचं, इथवर सगळं सरळ होतं. पण या दोन्हींच्या मध्ये जे अंगण होतं, तिथलं काम कुणाचंच नव्हतं. विहिरीचं पाणी, गोठ्यातलं शेण, गुरांपुढचा कडबा, गोवऱ्या, सारवण, संध्याकाळी वाटेवर बोराटीचे काटे ओढून आखाडा बंद करणं. आणि जे काम कुणाचंच नसतं ते घरातल्या एका बाईच्या गळ्यात पडतं, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. इथं ते मंजुळाबाईच्या गळ्यात होतं. ती वर्षानुवर्षं राबत होती आणि घरच्यांना वाटत होतं की पाणी विहिरीतून आपल्या पायानं रांजणात येतं.

पेवही तिच्याच वाट्याला आलं होतं. कडब्याच्या गंजीमागं, उंच कोरड्या जागी, जमिनीच्या पोटात खणलेला ज्वारीचा खड्डा. तोंड एवढं अरुंद की एका माणसानं कसंबसं उतरावं, आणि आत पोट रांजणासारखं मोठं. ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. आतलं धान्य महिनोन्‌महिने टिकतं, पण आतली हवा सडते. पेव उघडल्याबरोबर जो आत उतरतो तो वर येत नाही. ओरडतही नाही. खाली बसतो आणि झोप लागल्यासारखा पडून राहतो.

मंजुळाबाईनं हे लग्नाच्या पहिल्याच साली पाहिलं होतं. शेजारच्या आखाड्यावर एक सालगडी पेवात उतरला. तो वर का येत नाही म्हणून पाहायला त्याचा भाऊ उतरला. दोघांना एकाच गाडीतून नेलं. तेव्हापासून तिचा नेम ठरलेला होता. सकाळी दगड काढायचा, दिवसभर आणि रात्रभर पेव उघडं ठेवायचं, दुसऱ्या सकाळी दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर त्या दिवशी पेवाचं नाव काढायचं नाही. त्या दोन भावांची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती, नेम पाळायची तकलीफ मात्र हिची एकटीची.

जर्मनच्या लढाईला वर्ष होत आलं होतं, त्या श्रावणात मंजुळाबाईला दिवस गेले. याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. एकदा विहिरीवर, एकदा गोठ्यात. भिकाबाई सुईण येऊन पोट चाचपून गेली आणि जाताना बजावून गेली, "घागर उचलली तं हे बी जाईल. मंग मला बोलावू नको."

त्या संध्याकाळी मंजुळाबाईनं सगळ्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "उद्यापासून बाहेरचं काम सगळ्यायनं करायचं. पाळीपाळीनं. मला आता वझं उचलायचं न्हाई."

"बराबर हाय," तातेराव म्हणाला आणि भाकरी मोडली. त्याच्या बाजूनं विषय संपला.

उत्तमराव हसला. "म्हंजी मी शेण काढू? बाजारात लोक काय म्हनतील मला?"

"शेणाचा वास कळमनुरीपोत जात न्हाई, भावजी."

"अन् मह्या वाट्याला काय?" सटवाजीनं घाबरून विचारलं.

"तुमी सांजच्याला वाटंवर काटे ओढा, मामा. तेवढं पुरं."

तिनं तोडगाही काढून ठेवला होता. घराला पुढं तीन मेढी, म्हणजे लाकडी खांब होते. एक तातेरावाच्या खोलीपुढं, एक शकुबाई जिथं जात्यावर बसायची तिथं, एक उत्तमरावाच्या खोलीपुढं. कडबा तोडायचा विळा ज्याच्या मेढीला टांगलेला दिसेल त्याच्याकडं त्या दिवशीचं बाहेरचं काम. काम झालं की त्यानं विळा पुढच्याच्या मेढीला नेऊन टांगायचा. भांडण नको आणि विसरलो म्हणायला जागाही नको.

उत्तमरावानं हात धुतले, पटक्याचं टोक झटकलं. "करतो, वहिनी. पन एक बोलून ठेवतो. तुमाला मागं मागं फिरून पाहायची खोड हाय. ह्ये झालं का, त्ये झालं का. ते चालनार न्हाई. ज्याची पाळी त्याचा शबूद. मी झालं म्हनलं की झालं. कबूल आसंल तं मी तयार."

मंजुळाबाईला ते पटलं नव्हतं, पण हा गडी एवढ्यावर तरी तयार होतोय, उगाच ताणून धरलं तर ताटावरून उठून जाईल, ही भीती होती. तिचा हात नकळत पोटावर गेला.

"कबूल," ती म्हणाली. "कुनी कुनाचं मागून पाहायचं न्हाई."

तिनं ती एक अट मान्य केली नसती तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण पोटातल्या जिवापुढं त्या वेळी तिला दुसरं काही दिसत नव्हतं, आणि तिला दोष द्यायची माझी छाती नाही.

गाडा चालू लागला. तातेरावानं पहिल्याच दिवशी पाणी भरून गोठा असा लखलखीत केला की गुरं बिचकली. सटवाजी काटे ओढताना कण्हायचा, पण ओढायचा. नवल उत्तमरावाचं. त्याच्या पाळीच्या दिवशी घर जागं व्हायच्या आत रांजण भरलेला, शेण उचललेलं, आणि साहेब पांघरुणात. मंजुळाबाईनं काही दिवस हे पाहिलं. मग एका पहाटे उठून गोठ्याच्या दारात उभी राहिली. आत शकुबाई शेणाच्या पाटीला हात घालत होती.

"त्यायची पाळी तू काहून करून राहिलीस?"

"हळू बोला, बाई. ते उठतील."

"उठू दे. उठावंच."

"त्यायला लाज वाटती वो. मला न्हाई वाटत. मंग मी केलं तं कुनाचं काय गेलं?"

"आज कुनाचं काय गेलं न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "पन तू आसं झाकत राहिलीस तं कुनी काय केलं अन् काय न्हाई, ह्ये कळायचं कसं? यातली काही कामं जिवावरची हायत, शकू."

शकुबाई हसली. हसताना ती फार गोड दिसायची. "शेणाच्या पाटीनं कोन मरतं, बाई?" असं म्हणून तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली.

दसरा झाला. घरातली कणगी तळाला लागली आणि पेव उघडायची वेळ आली. त्या साली पेव अर्धंच भरलं होतं, म्हणजे ज्वारी खोल होती आणि वर सगळी कोंडलेली हवा. मंजुळाबाईनं काम दोघांत वाटलं. उघडायचं उत्तमरावानं, दुसऱ्या दिवशी उतरून ज्वारी काढायची तातेरावानं. तिनं धाकट्या दिराला समोर बसवून सगळा नेम सांगितला. दगड कसा सरकवायचा, तोंडापाशी वाकायचं नाही, किती वेळ उघडं ठेवायचं.

"मला म्हाईत हाय, वहिनी. मी काय लहान लेकरू हाय?"

त्या सकाळी विळा उत्तमरावाच्या मेढीला होता. शकुबाईनं त्याचं पाणी भरलं, शेण काढलं, पण पेवाच्या दगडाला हात लावला नाही. तो जड होता, आणि शिवाय हे गड्याचं, मानाचं काम आहे असं त्यानंच तिला सांगितलं होतं. न्याहारी झाली तसा उत्तमराव जरा गावात जाऊन येतो म्हणून निघाला. मारुतीच्या पारावर लढाईच्या गप्पा रंगल्या होत्या. हिंगोलीहून आलेलं वर्तमानपत्र कुणीतरी वाचत होतं, आणि मधे मधे समजावून सांगायला उत्तमरावाइतका हुशार दुसरा कोण? दिवे लागायच्या सुमारास तो परत फिरला. कडब्याची गंजी दिसली तेव्हा त्याला पेव आठवलं.

पेव गंजीमागं होतं, घरातून दिसत नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"उघडलं का, भावजी?" जेवताना मंजुळाबाईनं विचारलं.

"सकाळीच."

"सकाळी कवा?"

उत्तमरावानं घास खाली ठेवला. "ह्येच, वहिनी. ह्येच म्हनलो होतो मी. उघडलं. आत्ता येताना कंदील बी सोडून पाहिला, चांगला जळत व्हता. आनखीन काय पाहिजे?"

मंजुळाबाई पुन्हा भाकरी वाढू लागली. कबूल केलं होतं ना. पण चुलीपुढं बसलेल्या शकुबाईचं तोंड असं उजळलं की ते पाहून कुणालाही वाईट वाटावं. आज पहिल्यांदा तिच्या नवऱ्यानं आपल्या वाट्याचं काम आपण केलं होतं, आणि तेही पेवाचं.

"सोत्ताच्या हातानं?" तिनं हळूच विचारलं.

"मंग काय सासऱ्याच्या?" तो म्हणाला, आणि ती पदरात तोंड लपवून हसली.

झोपायच्या आधी मंजुळाबाईनं तातेरावाला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमी उद्या कंदील सोडल्याबिगर उतरू नका. त्यायचा शबूद आसंल तं आसो." तातेरावानं मान हलवली. आपल्या माणसाचा बंदोबस्त झाला म्हणून तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला उत्तमराव गंजीमागं गेला. लिंपण फोडलं, पहार घालून दगड सरकवला. आतून उबट, आंबूस वाफ आली तसा तो मागं सरला आणि खोकला. मग त्यानं सुकलेल्या लिंपणाची ढेकळं पायानं इकडंतिकडं पसरली, कालच फोडलंय असं दिसावं म्हणून. मनात त्यानं हिशेब केला होता. तातेराव आज कळमनुरीच्या बाजाराला जाणार, दिवस मावळताना येणार, मग उतरणार. तोवर दिवसभर पेव उघडंच आहे. घरात दुसरं उतरणारं कोण आहे? तो निवांत मनानं गोफण घेऊन ज्वारीच्या राखणीला माळ्यावर जाऊन बसला.

विळा तातेरावाच्या मेढीला होता आणि तातेराव बाजारात होता.

ऊन चढल्यावर शकुबाई जात्यावर बसली आणि तिनं कणगीत हात घातला. पसाभरही निघालं नाही. दळणापुरतं तरी पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं, शेजारून आणताही आलं असतं. पण तिला कालपासून त्या पेवाकडं जायचंच होतं. तिच्या माणसानं उघडलेलं पेव. तिनं तातेरावाच्या मेढीचा विळा काढला, आपल्या मेढीला टांगला, आणि टोपली व दोर घेऊन अंगणात आली. पायाला सूज आली म्हणून मंजुळाबाई आत पडली होती.

"कुठं गं?" लिंबाखालून सटवाजीनं विचारलं.

"पेवात, मामा. दळणापुरती ज्वारी आनते."

म्हाताऱ्यानं चिलीम तोंडातून काढली. "कंदील सोड आधी."

"काल ह्यायनी सोडला की. जळत व्हता."

सटवाजीनं मान डोलावली. ते खरं होतं, त्यानंही जेवताना ऐकलं होतं. आणि नवऱ्यानं कंदील सोडला म्हटल्यावर त्यावर बायकोनं पुन्हा कंदील सोडायचा म्हणजे त्याला खोटं पाडण्यासारखंच. ते त्या घरात कुणी केलं नसतं, शकुबाईनं तर नाहीच.

"येताना चिलमीला इस्तू आन," तो म्हणाला.

"आनते," म्हणून ती गंजीमागं गेली. पेवाच्या तोंडावर आडवं लाकूड होतंच, त्याला तिनं दोर बांधला. भिंतीतल्या खाचांत पाय देत ती उतरली.

विस्तव काही येईना. सटवाजी आधी चिडला, मग एकट्यानंच बडबडला, मग चिलीम बाजेवर ठेवून उठला. गंजीमागं आला. लाकडाला बांधलेला दोर सरळ लोंबत होता, जराही हलत नव्हता.

"शकू," त्यानं हाक मारली. "ए शकू."

त्याची तिसरी हाक ऐकून मंजुळाबाई आतून धावत आली. तिनं पेवात पाहिलं. खाली शकुबाई भिंतीला टेकून ज्वारीवर बसली होती. टोपली मांडीत, मान एका बाजूला. दळता दळता डोळा लागावा तशी.

मंजुळाबाईनं केलेला आकांत माळ्यावर ऐकू गेला. उत्तमराव धावत आला तेव्हा ती लुगड्याचा काचा मारून पेवाच्या तोंडाशी उभी होती. त्यानं आत पाहिलं आणि दोराला हात घातला. तिनं त्याचा हात धरला.

"कवा उघडलं?"

"सोडा, वहिनी!"

"कवा उघडलं ते सांगा. काल उघडलं आसंल तं वाफ न्हाई, तिला घेरी आली आसंल. मंग मी उतरते, मला खाचा म्हाईत हायत. आज उघडलं आसंल तं जो उतरंल तो तिच्यापाशीच बसंल. बोला, भावजी. तुमचा शबूद सांगा."

उत्तमरावानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या पोटाकडं पाहिलं. म्हातारा बाप समोर काठी टेकून उभा होता.

"आज," तो म्हणाला. "आज सकाळी."

मंजुळाबाईनं त्याचा हात सोडला. शिव्या द्यायला वेळ नव्हता. "वाकळ आना," ती ओरडली. "दोराला बांधा, खाली सोडून हाना वरखाली, हवा जाऊ द्या. अन् पानी! पानी वता आत!" ती स्वतःच विहिरीकडं वळली तसा उत्तमराव आडवा झाला.

"तुमी घागरीला हात लावू नका!"

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा पाणी वाहिलं. विहिरीपासून पेवापर्यंत तो घागरी घेऊन पळत होता, पटका कुठं पडला ते त्याला कळलं नाही. सटवाजी, ज्याला काटे ओढताना कण्हायला व्हायचं, वाकळ वर ओढत होता आणि खाली सोडत होता. मंजुळाबाई कंदील दोराला बांधून वाट पाहत होती. कंदील आत गेला की विझायचा. पुन्हा पेटवायचा, पुन्हा विझायचा. शेवटी उत्तमराव पेवाच्या तोंडाशी पालथा पडला आणि विहिरीतल्या घागरी काढायचा लोखंडी गळ दोरानं आत सोडून चाचपू लागला. कितीदा निसटला कोण जाणे. मग तो तिच्या कमरेच्या पट्ट्यात अडकला आणि तिघांनी नव्हे, त्या दोघा बापलेकांनी तिला वर ओढलं.

तिचे ओठ काळेनिळे पडले होते. मंजुळाबाईनं तोंडावर पाणी मारलं, तळवे घासले, हाका मारल्या. बऱ्याच वेळानं शकुबाईनं श्वास घेतला. उत्तमराव मातीत बसून लहान मुलासारखा रडला. वाचली, असं सगळ्यांनाच वाटलं.

ती वाचली होतीच. ती जेवू लागली, चालू लागली, आधीसारखीच गोड हसू लागली. पण दिवाळी आली तेव्हा तिला दिवाळी कळली नाही. जात्यावर बसवलं तर रिकामं जातं फिरवत राही. हिंगोलीच्या डॉक्टरनं डोळ्यांत पाहिलं आणि काही दवा लिहून दिली नाही. तिच्यासाठी तो एक दिवस संपतच नव्हता. फाल्गुनात मंजुळाबाईला मुलगी झाली. लेकरू शकुबाईच्या मांडीवर दिलं तर ती त्याच्याकडं पाहून म्हणाली, "पेव ह्यायनी उघडलं बरं. काल. सोत्ताच्या हातानं. कंदील बी सोडला."

आखाड्यावर कुणीही आलं तरी ती हेच सांगते. भिकाबाईला सांगितलं, बाजाराहून पाणी प्यायला थांबलेल्या परक्या माणसालाही सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तो म्हणाला, "वा, चांगला मानूस हाय तुमचा," आणि ती लाजली.

विळा आता उत्तमरावाच्या मेढीलाच असतो. मंजुळाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही, पाळ्यांचा विषयही काढला नाही. तोच पहाटे उठतो, पाणी भरतो, शेण काढतो, गोवऱ्या थापतो, बायकोची वेणी घालतो. बाजारात लोक काय म्हणतात याची त्याला फिकीर उरलेली नाही.

सुरुवातीला तो तिला खरं सांगायचा. समोर बसायचा, तिचे हात धरायचा. "काल न्हाई, शकू. आज उघडलं मी. खोटं बोललो व्हतो." मग तिचं तोंड उतरायचं. "काहून आसं बोलता?" म्हणत ती रडायची, दिवसभर जेवायची नाही, आणि दुसऱ्या सकाळी विसरून पुन्हा तेच अभिमानानं सांगायची. तो पुन्हा खरं सांगायचा, ती पुन्हा रडायची. शेवटी मंजुळाबाई म्हणाली, "भावजी, बास करा. तिला कितींदा मारता?"

तेव्हापासून तो तसं बोलत नाही. रोज सकाळी ती लिंबाखालून विचारते, "पेव तुमीच उघडलं ना? काल?"

"व्हय," उत्तमराव म्हणतो. "काल."

ती खूश होते, आणि तो घागर उचलून विहिरीकडं जातो.